डायरेक्ट फायर्ड हीटरचं मार्केट गॅसच्या बिलावर चालतं

"डायरेक्ट फायर्ड हीटर मार्केट" असं सर्च केलं की रिपोर्ट विकणाऱ्यांचा पाऊस पडतो, आणि गंमत म्हणजे दोन रिपोर्टांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो, वाढीचे टक्के मात्र सगळ्यांचे छान गुळगुळीत. यात कोणी खोटंच बोलतंय असं नाही, पण प्रत्येक जण वेगळीच वस्तू मोजतोय. अमेरिकेत हे नाव घेतलं की गोदामात किंवा पेंट शॉपमध्ये बाहेरची थंड हवा आत घेताना थेट गॅसच्या ज्योतीवरून नेऊन गरम करणारं युनिट डोळ्यासमोर येतं, तिकडे थंडी कडक असते, डॉकची शटरं दिवसभर उघडझाप होत असतात, त्यामुळे ती एक वेगळीच मोठी बाजारपेठ आहे. रिफायनरीवाला फायर्ड हीटर म्हणतो तेव्हा त्याला कच्चं तेल ३५० डिग्रीच्या पुढे तापवणारी अजस्र भट्टी म्हणायची असते, तिथे ज्योत नळ्यांवर पडते आणि तेल नळ्यांच्या आतून जातं, म्हणजे ज्योतीचा आणि मालाचा संपर्कच नाही. आणि आपल्याकडे एमआयडीसीत विचाराल तर हॉट एअर जनरेटर (जळण जाळून गरम हवा तयार करणारी भट्टी), कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटरचा बर्नर, खडी वाळवायचा ड्रम, लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायची शेगडी, सगळं याच खात्यात जातं. तेव्हा जागतिक आकडा बाजूला ठेवू आणि आपल्या भागात हे मशीन कोण घेतं, का घेतं आणि कधी घेत नाही ते बघू, धंद्याच्या दृष्टीने तेच कामाचं आहे.

आधी मशीन समजून घेऊ. वांगं थेट जाळावर भाजायचं की तव्यावर ठेवून, एवढाच फरक आहे. डायरेक्टमध्ये बर्नरची ज्योत हवेच्या प्रवाहातच पेटते, जळून तयार झालेला गरम वायू त्या हवेत मिसळतो आणि ते मिश्रण थेट मालावर जातं. इनडायरेक्टमध्ये ज्योत एका बंद चेंबरमध्ये, बाहेरून स्वच्छ हवा फिरते, मध्ये लोखंडी किंवा स्टेनलेसची भिंत म्हणजे हीट एक्स्चेंजर, आणि जळालेला वायू वेगळ्या चिमणीने बाहेर. भिंत आली की नुकसान आलं, कारण चिमणीतून जाणारा वायू दोन-अडीचशे डिग्रीला बाहेर पडतो आणि ती उष्णता तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेली असते.

नुकसान किती, तर हिशोब करून बघा. समजा पावडर कोटिंगच्या (धातूवर कोरड्या पावडरीचा रंग भाजून बसवण्याच्या) एका ओव्हनला तासाला २ लाख किलोकॅलरी प्रत्यक्ष हवेत लागतायत. पाईपने येणाऱ्या एका घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण ८,५०० किलोकॅलरी धरा. डायरेक्टची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर तासाला पावणेपंचवीस घनमीटर गॅस लागेल, इनडायरेक्टची ८० टक्के धरली तर साडेएकोणतीस. फरक पावणेपाच घनमीटरच्या आसपास. गॅस समजा ५० रुपये घनमीटर, दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे फुल लोडवर वर्षाला ११ लाखांच्या घरात फरक. बर्नर काही सतत फुल लोडवर चालत नाही, सरासरी ६० टक्के धरलं तरी साडेसहा लाख. वर हीट एक्स्चेंजरची किंमत वाचते, तो चार-पाच वर्षांनी फाटतो तेव्हाचा खर्च वाचतो, आणि मशीन लवकर तापतं ते वेगळंच. हा कागद बघितला की कोणताही मालक विचारणारच की मग सगळे डायरेक्टच का घेत नाहीत.

घेत नाहीत कारण ज्योतीतून फक्त उष्णता येत नाही. एक घनमीटर मिथेन जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, आणि तुम्ही वाळवायला बसलेला असताना ते पाणी तुमच्याच हवेत मिसळतं. बहुतेक ठिकाणी हे चालून जातं कारण एकूण हवेच्या मानाने ते थोडं असतं, पण ओलाव्याला हळवी पावडर असेल तर नाही चालत. दुसरं म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइड्स. पांढऱ्या पावडर कोटिंगला गॅसच्या डायरेक्ट ओव्हनमध्ये पिवळट झाक येते ती याच्यामुळेच, आणि वॉशिंग मशीनचं किंवा फ्रिजचं पॅनल पिवळट आलं की गिऱ्हाईक आख्खा लॉट परत पाठवतं. काळे आणि गडद रंग मारणाऱ्याला हाच ओव्हन बिनतक्रार चालतो, म्हणजे एकाच गल्लीतले दोन पावडर कोटिंगवाले दोन वेगळे हीटर घेतात आणि दोघंही बरोबर असतात.

खाण्याच्या मालाचं तर विचारूच नका. १९७० च्या दशकाच्या शेवटी बिअरमध्ये एनडीएमए नावाचं घातक रसायन सापडलं आणि युरोप-अमेरिकेत खळबळ उडाली. शोध घेतल्यावर कळलं की बार्लीचा माल्ट थेट ज्योतीच्या हवेने वाळवला जात होता आणि त्या हवेतली नायट्रोजनची ऑक्साइड्स दाण्यातल्या घटकांशी रिॲक्शन करत होती. मग माल्टवाल्यांनी इनडायरेक्ट हीटिंग लावलं किंवा प्रक्रिया बदलली आणि प्रमाण झटकन खाली आलं. तेव्हापासून फूडमधला शहाणा खरेदीदार डायरेक्ट म्हटलं की दहा प्रश्न विचारतो, आणि विचारावेतच. सॉल्व्हंट (थिनरसारखं उडून जाणारं द्रव्य) असलेला लिक्विड पेंट वाळवणाऱ्यांना वेगळी भीती असते, वाफा आणि उघडी ज्योत एका खोलीत. तिथे ताजी हवा इतकी सोडावी लागते की वाफेचं प्रमाण पेट घेण्याच्या मर्यादेच्या पाव हिश्शाच्याही खाली राहील, आणि ती सगळी ताजी हवा तापवण्यात गॅसची बचत बरीचशी खाल्ली जाते.

मग डायरेक्टचं हक्काचं गिऱ्हाईक कोण? ज्याच्या मालाला धुराचं फारसं सोयरसुतक नाही तो. डांबराचा हॉट मिक्स प्लांट घ्या. फिरत्या ड्रममध्ये एका टोकाला मोठा बर्नर भडभडत असतो, खडी त्यातून कोसळत जाते आणि दीडशे-एकशेसाठ डिग्रीला बाहेर पडते. इथे इनडायरेक्टचा विचारही कोणी करत नाही. देशात राष्ट्रीय महामार्ग वर्षाला १०-१३ हजार किलोमीटर बांधले गेले (२०२०-२१ मध्ये १३,३२७ किलोमीटर), म्हणजे अशा ड्रमच्या बर्नरला, पंपाला, नोझलला किती मागणी आली असेल बघा. या धंद्यात एक गोष्ट मात्र मालक लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत, ती म्हणजे खडीतला ओलावा. खडी १ टक्का जास्त ओली असेल तर टनामागे १० किलो पाणी जास्त उडवावं लागतं, त्याला पाऊण लिटरच्या आसपास तेल जास्त जातं. दिवसाला हजार टन माल काढणाऱ्या प्लांटला हा आकडा लावा. पत्र्याची शेड घालून खडी कोरडी ठेवणं हे नवीन बर्नर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, पण शेडचा सेल्समन नसतो ना, बर्नरचा असतो.

असंच रेडी मिक्स प्लास्टर आणि टाईल ॲडेसिव्ह बनवणाऱ्यांचं. गेल्या काही वर्षांत बिल्डर लोक साइटवर वाळू-सिमेंट कालवायच्या ऐवजी पिशवीतला तयार माल घ्यायला लागले, आणि त्या पिशवीतली वाळू आधी खडखडीत वाळवावी लागते, ती डायरेक्ट फायर्ड ड्रममध्येच. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी लॅडल लालभडक तापवतात, तिथे ज्योत थेट लॅडलमध्ये सोडलेली असते. डिटर्जंट पावडरचा टॉवर, टाईल्सचा स्प्रे ड्रायर, टिश्यू पेपरचं हूड, कापडाचं स्टेंटर ही सगळी याच गोतावळ्यातली मंडळी. स्टेंटरची गोष्ट जरा मजेशीर आहे, इचलकरंजी काय किंवा सुरत काय, वर्षानुवर्षं थर्मोपॅक, म्हणजे तेल तापवून ते पाईपने फिरवायचं, हीच पद्धत, कारण कोळसा नाहीतर लाकूड स्वस्त होतं आणि ते काही थेट कापडावर जाळता येत नाही. गॅसची लाईन गेटवर आली तेव्हाच स्टेंटरच्या प्रत्येक चेंबरला स्वतःचा गॅस बर्नर ही कल्पना हिशोबात बसायला लागली.

आणि इथे मूळ मुद्दा येतो. डायरेक्ट फायर्डसाठी जळण स्वच्छ लागतं. कोळशाची राख, फर्नेस ऑइलचं गंधक हे मालावर जाऊन बसणार, म्हणून गॅस पाहिजे, एलपीजी पाहिजे, फार तर डिझेल. म्हणून कोणत्या भागात हे हीटर खपतील हे ठरवायला नुसत्या फॅक्टऱ्या मोजून भागत नाही, गॅस कुठवर आलाय आणि कितीला पडतोय हे बघावं लागतं. मशीनची किंमत ही त्यामानाने किरकोळ बाब, कित्येक ठिकाणी एका वर्षाचं गॅसचं बिल मशीनच्या कित्येक पट असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे गुजरातमधलं मोरबी. देशातल्या सिरॅमिक टाईल्सचा बहुतांश माल या एका गावाच्या आसपास बनतो. तिथे भट्ट्यांना कोळशापासून केलेला गॅस वापरायचे, त्यातून निघणाऱ्या घाण पाण्याने आणि धुराने परिसराची वाट लागली, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते कोल गॅसिफायर बंद करायला लावले. पर्याय एकच, पाईपचा नैसर्गिक वायू. काही महिन्यांत तिथली गॅसची मागणी दुपटीच्या आसपास गेली आणि बर्नर, गॅस ट्रेन (बर्नरच्या आधीची व्हॉल्व्ह-फिल्टरची जोडणी), रेग्युलेटर, पाईप फिटिंग विकणाऱ्यांची दिवाळी झाली. तेव्हा जगात एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू) स्वस्त होता, २०२० च्या उन्हाळ्यात तर आशियातला स्पॉट भाव एमएमबीटीयूला (उष्णतेच्या एककाला) २ डॉलरच्याही खाली आला होता. मग २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं, ऑगस्टमध्ये तोच भाव ७० डॉलरला टेकला, गॅस कंपनीने दर वाढवले आणि मोरबीच्या कारखान्यांनी एकत्र ठरवून महिनाभर भट्ट्या बंद ठेवल्या. त्यानंतर जे झालं ते आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. लोकांनी आवारात प्रोपेनच्या टाक्या बसवल्या, बर्नर दोन्हींवर चालतील असे करून घेतले, आणि आता तिथे महिन्याच्या महिन्याला भाव बघून जळण बदललं जातं. आणि एवढं होऊनही मातीचा घोळ वाळवायच्या स्प्रे ड्रायरला बऱ्याच ठिकाणी अजून कोळशाचाच हॉट एअर जनरेटर आहे, कारण तिथे थोडी राख खपून जाते. म्हणजे एकाच कंपाउंडमध्ये भट्टी गॅसवर आणि ड्रायर कोळशावर, दोन्ही डायरेक्टच.

मोरबीनंतर आपल्याकडेही कोटेशन मागणाऱ्याची भाषा बदलली. आधी लोक विचारायचे किती किलोकॅलरीचा आणि कितीला, आता पहिला प्रश्न असतो, ड्युअल फ्युएल आहे का. हा ट्रेंड खरा आहे आणि टिकणारा आहे असं माझं मत. तीन महिन्यांत जळणाचा भाव कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नसेल तर दोन दारं ठेवलेली बरी. फक्त एक लक्षात ठेवा, प्रोपेनमध्ये घनमीटरमागे उष्णता नैसर्गिक वायूच्या अडीच पट असते, त्यामुळे नुसती पाईप जोडली आणि झालं असं होत नाही, ऑरिफिस (गॅस सोडायचं छिद्र), प्रेशर, हवेचं प्रमाण सगळं परत सेट करावं लागतं, नाहीतर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. आणि डायरेक्टमध्ये ती काजळी चिमणीत जात नाही, मालावर जाते.

महाराष्ट्रात चित्र सरकतंय ते दोन कारणांनी. एक टॅक्स. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, त्याच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने तो साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, हा फार मोठा फरक होता. तरी एक काटा राहतोच, प्रोपेन किंवा इंडस्ट्रीयल एलपीजीवर १८ टक्के जीएसटी असला तरी त्याचं क्रेडिट मिळतं, गॅसवरच्या व्हॅटचं जीएसटीत क्रेडिट मिळत नाही, म्हणून नुसता दर नाही तर क्रेडिट वजा जाता दर किलोकॅलरीला किती पडतो हे काढावं लागतं, आणि ते अकाउंटंटला बसवून काढा, मेंटेनन्सवाल्याला नाही. दुसरं कारण पाईपलाईन. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात गॅस जुना झाला, पण दाभोळहून कोल्हापूर-बेळगावकडून बंगळूरला जाणारी गेल (GAIL) या सरकारी गॅस कंपनीची लाईन, तिची गोव्याकडे गेलेली शाखा, आणि समृद्धी महामार्गाच्या कडेने मुंबईहून नागपूरकडे टाकलेली लाईन, यांच्यामुळे वाळूज, बुटीबोरीसारख्या भागांत हा हिशोब आता मांडता येतो. ज्या एमआयडीसीत गॅसवाल्यांचे खड्डे खणणं सुरू झालं तिथे वर्ष-दोन वर्षांत बर्नरवाल्यांच्या गाड्या फिरायला लागतात.

गॅस कंपनीशी करार करताना एक ओळ नीट वाचा, कमीत कमी किती गॅस उचलायचा ती. ठरलेल्यापेक्षा कमी वापरला तरी ठराविक पैसे भरावे लागतात. सीझनल काम असेल तर हा फटका डायरेक्ट-इनडायरेक्टच्या फरकापेक्षा मोठा बसू शकतो.

नियमांचा रेटा पण आहे. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांत सुप्रीम कोर्टाने २०१७ ला फर्नेस ऑइल आणि पेटकोक (रिफायनरीतून निघणारं कोळशासारखं जळण) बंद केले, मग १ जानेवारी २०२३ पासून दिल्ली-एनसीआरमध्ये उद्योगांना कोळसाही बंद झाला, तिथे गॅस आणि बायोमास बर्नरला एकदम उठाव आला. शिवाय स्टीम बॉयलर घेतला की बॉयलरचा कायदा, इन्स्पेक्शन, सर्टिफिकेटवाला अटेंडंट हे सगळं मागे लागतं (१९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा आला), हॉट एअर जनरेटरमध्ये वाफच नाही त्यामुळे ते लफडं नाही. छोट्या मालकाला हे कारण कार्यक्षमतेच्या टक्क्यांपेक्षा जास्त पटतं हे मी बघितलंय.

आता जे कोणी ब्रोशरमध्ये नीट सांगत नाही ते सांगतो. बर्नर चालू होताना बघितलाय का कधी? बटण दाबल्यावर लगेच पेटत नाही. आधी ब्लोअर सुरू होतो आणि नुसती हवा सोडतो, ओव्हनच्या आत चुकून साठलेला गॅस बाहेर काढायला, ओव्हनची पूर्ण हवा निदान चार वेळा बदलेल इतकी. मग ठिणगी, मग छोटी पायलट ज्योत, तिला यूव्ही सेन्सरने बघितलं की मग मेन गॅसचे एकापाठोपाठ एक असे दोन व्हॉल्व्ह उघडतात. मध्येच ज्योत दिसली नाही तर क्षणात सगळं बंद आणि पहिल्यापासून सुरुवात. आता प्रॉडक्शनची घाई असलेला सुपरवायझर काय करतो, तर हवा सोडायचा टायमर कमी करून घेतो, नाहीतर सारखा ट्रिप होतो म्हणून सेन्सरच बायपास करतो. असं केलेलं दिसलं तर त्या ओव्हनपासून लांब उभे राहा. सेन्सरची काच पुसली तरी अर्ध्या तक्रारी मिटतात. कोटेशनची तुलना करताना स्वस्त कोटेशनमध्ये हमखास हीच गोष्ट कापलेली असते, दोन व्हॉल्व्हच्या जागी एक, प्रेशर स्विच ऑप्शनल, बर्नरचं नाव मात्र जर्मन नाहीतर इटालियन.

धोका कुठून आहे? विजेकडून, पण सगळीकडून नाही. वरचाच ओव्हन विजेवर चालवायचा तर २ लाख किलोकॅलरी म्हणजे २३३ युनिट तासाला, ९ रुपये युनिट धरलं तर २,१०० रुपये, आणि गॅसवर साधारण १,२४०. इथे गॅस जिंकतो. पण माल ६०-७० डिग्रीला वाळवायचा असेल, कांदा म्हणा, भाजी म्हणा, मसाल्याचं काही, तर हीट पंप (फ्रिजच्या उलट चालणारं, आसपासची उष्णता ओढून आणणारं मशीन) येतो आणि तो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला ७०० रुपये. शिवाय ज्योत नाही, एनडीएमएची भानगड नाही. म्हणून कमी तापमानाच्या वाळवणीत नवीन गॅस हीटरची मागणी हळूहळू हीट पंप खाणार असं मला वाटतं, १५० डिग्रीच्या वर मात्र बराच काळ हात लागणार नाही. (तासगावचा बेदाणा या भांडणात नाहीच, तो रॅकवर सावलीत फुकटच्या वाऱ्यावर वाळतो.) हायड्रोजन रेडी असा स्टिकर आजकाल बऱ्याच बर्नरवर दिसतो, त्याला जादा पैसे देऊ नका, तुमच्या गेटवर हायड्रोजनची पाईप येईपर्यंत तो बर्नर भंगारात गेलेला असेल.

लोखंड, ॲल्युमिनियम असा माल युरोपला पाठवणाऱ्यांना मात्र एक नवीन हिशोब ठेवावा लागतोय. तिकडच्या कार्बन टॅक्सचं रिपोर्टिंग ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं आणि २०२६ पासून प्रत्यक्ष वसुलीची व्यवस्था लागू झाली, त्यामुळे टनामागे किती गॅस जाळला हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून आता प्रत्येक भट्टीला वेगळा गॅस मीटर लावून मागणारे खरेदीदार दिसायला लागलेत, पूर्वी आख्ख्या कंपनीला गेटवरचा एकच मीटर असायचा.

आणि शेवटी कॅपॅसिटीबद्दल. आपल्याकडे सवय अशी की गरज २ लाखांची असेल तर ४ लाखांचा बर्नर मागवायचा, पुढे लागेल म्हणून. तो बर्नर मग आयुष्यभर चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना ती हवा सोडायची पायरी असतेच, म्हणजे तापवलेली हवा तुम्हीच दर वेळी बाहेर फेकता. सप्लायरला टर्नडाउन विचारा, म्हणजे बर्नर न विझता किती खालपर्यंत येऊ शकतो. १० ला १ (म्हणजे पूर्ण क्षमतेच्या दहाव्या हिश्शापर्यंत) म्हणाला तर तुमच्या सगळ्यात कमी लोडच्या दिवशी, समजा कन्व्हेयरवर अर्धेच हुक भरलेत, तेव्हा तो कुठे चालेल ते कागदावर लिहून घ्या आणि कमिशनिंगच्या दिवशी तसं चालवून बघितल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.